लालीबाईचा सत्कार

ती गोष्ट चिंचोळकर सरांना मीच सांगितली, हे आधी कबूल करते. पुढं जे झालं त्याची किळस मला आजही येते, आणि त्यातली पहिली किळस माझी स्वतःची आहे.

मी दीपा. दिग्रसला राहते. वडील उकंडा, कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होते, आता घरीच असतात, आई कांताबाई. इंग्रजीत एम.ए. केलं, नेट पास झाले, आणि दिग्रसपासून बसनं पाऊण तासावरच्या एका आडगावच्या कॉलेजात सात वर्षं तासिका तत्त्वावर शिकवलं. तासिका तत्त्वावर म्हणजे दर जूनमध्ये नवा अर्ज, नवी मुलाखत, आणि वर्षभर विभागप्रमुखाच्या कपाळावरची आठी वाचायची. विभागप्रमुख होते डॉ. विठ्ठलराव चिंचोळकर.

बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला कॅरिबियन कथांचा एक पेपर होता. तो कोणालाच नको होता, म्हणून माझ्या वाट्याला आला, आणि मी त्याच्या प्रेमातच पडले. वेस्ट इंडिज म्हटलं की पोरांना क्रिकेट आठवायचं. मी सांगायचे, त्या बेटांवर ऊस तोडायला आधी आफ्रिकेतून माणसं गुलाम करून नेली, मग आपल्या देशातून मजूर नेले. माणसांसोबत त्यांची भुतंही जहाजात बसून गेली. तिथं रानाचा राखणदार असलेला एक म्हातारा आहे. सगळ्यांना गंडवणारा कोळी आहे. बाप्तिस्मा व्हायच्या आधी मेलेली लेकरं आहेत, त्यांना चेहरा नसतो आणि पावलं उलटी असतात. उलटी पावलं म्हटली की मागच्या बाकावरून हमखास आवाज यायचा, "मॅडम, हे तं आमच्या गावात बी आहे!"

आणि सुकुयाँ आहे. वस्तीच्या टोकाला एकटी राहणारी म्हातारी. अंगावरची कातडी उतरवून उखळात ठेवते, आगीचा गोळा होऊन उडते आणि झोपलेल्यांचं रक्त पिते. तिला मारायचा उपाय एकच. उखळातल्या कातडीला मीठ चोळायचं. मग ती कातडी तिला पुन्हा घालता येत नाही, आगआग होऊन मरते.

आताचे तिकडचे लेखक ही गोष्ट जशीच्या तशी सांगत नाहीत, ते मला आवडायचं. आमच्या पुस्तकातल्या कथेत तीच म्हातारी बोलते. शहरातल्या एका चाळीत राहते. पहाटे घरी येते तर कातडीला मीठ. मग तशीच, सोललेल्या अंगानं, ती एकेका दारापाशी जाऊन विचारते, "तू चोळलंस का?" सगळे शेजारी तिच्याशी गोड बोलतात. कोणी कबूल होत नाही.

ह्या कथेवर मी पोरांना लिहायला दिलं. आपल्या भागातल्या एखाद्या समजुतीशी तुलना करा, म्हटलं. बहुतेकांनी मोबाइलवरून उतरवून आणलं. जमनी राठोडनं चार पानं लिहिली होती, अर्धी इंग्रजीत, अर्धी मराठीत.

जमनी होस्टेलची पोरगी. आईबाप दिवाळी झाली की ऊसतोडीला जायचे, तिला वाढवलं आजीनं, लालीबाईनं. वर्गात ती तोंड उघडत नसे. त्या चार पानांत तिनं असं लिहिलं होतं :

"मी बारा वर्षांची होती तेव्हा आमच्या तांड्यात दोन लेकरं तापानं गेली. तिसरं आजारी पडलं तेव्हा बाहेरगावचा भगत आणला. त्यानं लिंबू कापलं आणि आमच्या घराकडं बोट केलं. डाकणीचं रक्त काढलं की तिची विद्या मरते म्हणतात. चार जणांनी माझ्या दादीला धरलं. दंडावर दाढीच्या पात्यानं सात चिरा दिल्या. विद्या वापस येऊ नये म्हणून चिरांत जाडं मीठ भरलं. मीठ आमच्याच घरचं होतं. डबा मीच काढून दिला. मला वाटलं, दादीले औषध करतात. ते लेकरू नंतर सरकारी दवाखान्यात चांगलं झालं. डेंग्यू होता. नाव भगताचं झालं. तक्रार कोणी केली नाही, बसून मिटवलं. मॅडम, ह्या कथेतली म्हातारी दारोदार विचारत फिरते. माझ्या दादीला विचारायची गरज नाही. तिला सगळे माहीत आहेत. ती त्यांच्याच वावरात कापूस वेचायला जाते."

स्टाफरूममध्ये मी ते दोनदा वाचलं. आणि मी काय केलं? ती पानं जपून ठेवायची सोडून समोर बसलेल्या चिंचोळकर सरांपुढं धरली. "सर, पाहा ना, काय लिहिलं पोरीनं!" कौतुकानं. माझ्या शिकवण्याचंही त्यात थोडं कौतुक होतं.

सरांनी दोन मिनिटांत पानं चाळली आणि चष्मा कपाळावर चढवला.

"मॅडम, सोनं आहे हे. फेब्रुवारीत सेमिनार आहे आपला. विषय काय? समकालीन कॅरिबियन कथेतलं लोककथेचं वैभव. लोक पुस्तकातून कोटेशनं आणतील. आपण जिवंत माणूस आणू!"

"सर, तिच्यावर अत्याचार झालाय. ती लोककथा नाही."

"म्हणून तर सन्मान करू. शाल, श्रीफळ. कोणं केला तिचा सन्मान आजवर? तुम्हीच जा, आमंत्रण देऊन या. बाई माणूस गेलं की बरं." मग जाता जाता, "आणि पारंपरिक पोशाखात आणा बरं तिला."

जून सहा महिन्यांवर होता. मी गेले.

लालीबाई अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. साधं लुगडं, कोपरापर्यंत बाह्यांचं पोलकं. जमनीनं तिला गोरबोलीत, त्यांच्या बंजारा भाषेत, सांगितलं. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि वऱ्हाडीत विचारलं, "तिथं कोण कोण राह्यते?"

"शिकलेले लोक असतात, आजी. तुम्हाला मान देतील."

"जमनी बोलन का भोंग्यात?"

"हो. तुम्ही तुमच्या बोलीत बोला, जमनी मराठीत सांगेल."

"मंग येते," ती म्हणाली. नातीला माइकवर पाहायचं, एवढंच तिचं कारण होतं. निघताना मी तिचा एक फोटो काढला. चिंचोळकर सरांनी मागितला होता.

सेमिनारच्या दिवशी मी हॉलमध्ये पाय ठेवला. दाराशी प्लास्टिकची नारळाची झाडं. स्वागतनृत्याला आमच्याच बारा पोरी, नायलॉनच्या सुतळीचे घागरे घालून, तोंडाला कोळशाची पूड आणि खोबरेल फासलेल्या. हा म्हणे कॅरिबियन नाच. काळ्या रंगातून घाम ओघळून त्यांच्या गळ्यापर्यंत चट्टे पडले होते. पाहुण्यांनी हसून टाळ्या वाजवल्या. सूत्रसंचालन माझ्याकडं होतं. "अत्यंत बहारदार नृत्य," असं मी माइकवर म्हणाले. कागदावर तसंच लिहिलेलं होतं.

लालीबाईला व्यासपीठावर कोपऱ्यातली खुर्ची दिली होती. शेजारणीकडून मागून आणलेला आरशांचा फेटिया घागरा आणि कांचळी चोळी तिच्या अंगावर ढगळ लोंबत होती. शेजारी जमनी उभी. प्रमुख पाहुण्यांचं नाव माझ्या कागदावर होतं : देवीलालजी, संस्थेचे संचालक. मी ते नाव पुकारलं. खिडकीपाशी जाऊन त्यांनी तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा बाहेर थुंकला, बोटानं ओठावरची लाळेची तार पुसली आणि त्याच हातानं शाल उचलली.

जमनीचा चेहरा मी तेव्हा पाहिला. ती पांढरीफटक पडली होती.

देवीलालनं लालीबाईला शाल पांघरवली, नारळ दिला आणि फोटोवाला "सर, इकडं" म्हणाला तसा वाकून लालीबाईच्या पाया पडायला गेला. म्हातारीनं दोन्ही पाय खुर्चीखाली ओढून घेतले. त्याचा हात फरशीवर टेकला. तो तसाच हसत उठला.

मग चिंचोळकर सरांचा निबंध. पडद्यावर इंटरनेटवरून घेतलेली आगीच्या गोळ्याची चित्रं. कोळी, उलटी पावलं, रानातला म्हातारा, सगळं पंधरा मिनिटांत. तिकडच्या नव्या लेखकांनी त्या म्हातारीला काय बोलायला लावलं, ह्यावर अवाक्षर नाही. आणि शेवटची स्लाइड. मी अंगणात काढलेला फोटो, मांडीवर शेंगांचं सूप, खाली मोठ्या अक्षरांत "आपली स्थानिक सुकुयाँ".

हॉलमध्ये खसखस पिकली.

"आजी," सर माइक घेऊन तिच्याजवळ गेले, "डाकण कशी असते हो? सांगा सगळ्यांना. आणि ते दंडावरचं दाखवा ना जरा."

चाळीसेक मोबाइल वर झाले. लालीबाईनं बाही वर केली नाही. तिनं जमनीकडं पाहिलं. मग बोलायला लागली. आवाज चढवला नाही, हातवारे केले नाहीत. गोरबोली मला कळत नाही, पण तिनं दोनदा देवीलालचं नाव घेतलं ते सगळ्या हॉलला कळलं. ती थांबली. आता जमनीची पाळी होती.

जमनीनं माइक दोन्ही हातांनी धरला. मला वाटलं, ती काहीतरी गोड बोलून वेळ मारून नेईल. मी तिच्या जागी असते तर तेच केलं असतं.

"माझी दादी म्हणते," जमनी म्हणाली, "डाकण कशी असते ते मले माहीत नाही, मी पाह्यली नाही. मले धरणारे कसे असतात ते माहीत आहे. ह्या देवीलालनं माझा डावा हात धरला होता. त्याच्या तोंडाले खर्र्याचा वास येत होता, आजही तोच येऊन राह्यला. तो म्हणत होता, लवकर करा, मले बाजाराले जायचं आहे. म्हणते, ही शाल मी याच्या हातून घेतली कारण हा येणार हे मले कोणं सांगितलं नव्हतं. आता सांगा, कुठं ठेवू."

तिनं शाल काढून खुर्चीच्या हातावर ठेवली.

त्या क्षणात काहीही होऊ शकलं असतं. कोणी उठून उभं राहिलं असतं, कोणी देवीलालला विचारलं असतं. मीच, माइकपाशी उभी असलेली मी, एक वाक्य बोलू शकले असते.

चिंचोळकर सर पुढं आले. "वा! वा! पाहिलंत? काय नाट्य आहे! ही मौखिक कथनाची ताकद! श्रोत्यांमधल्याच एखाद्या माणसाला कथेत ओढून घेण्याची ही जुनी पद्धत, तिकडच्या बेटांवरही अशीच आढळते. टाळ्या झाल्या पाहिजेत!"

आणि टाळ्या झाल्या. पहिल्या रांगेतून सुरू झाल्या आणि मागपर्यंत गेल्या. तोंडं काळी केलेल्या पोरींनी वाजवल्या, बाहेरगावच्या प्राध्यापकांनी वाजवल्या. देवीलालनं सगळ्यांत मोठ्यानं वाजवल्या, मान डोलावत, हसत. लालीबाई त्या आवाजाकडं बावरून पाहत होती. तिनं जमनीला काहीतरी विचारलं.

माझ्या तळहातांना झिणझिण्या आल्या तेव्हा माझ्या ध्यानात आलं, मीही वाजवत होते.

जेवणाच्या मंडपात श्रीखंड-पुरी होती. मी मागच्या मोरीत जाऊन तळहात साबणानं धुतले. बाहेर आले तर चिंचोळकर सर द्रोण हातात घेऊन उभे. मी विचारलं, "सर, देवीलाल त्यातला होता, तुम्हाला माहीत होतं?"

"त्या भागातले आहेत, कानावर होतं," ते श्रीखंड चाटत म्हणाले. "म्हणूनच त्यांच्या हस्ते ठेवलं. सलोखा दिसला पाहिजे ना मॅडम, समाजात."

बसस्टँडवर लालीबाई आणि जमनी बाकावर बसल्या होत्या. लालीबाईनं कांचळीवरून जुनं लुगडं गुंडाळलं होतं. मी समोर जाऊन उभी राहिले.

"आजी, तो त्यातला होता हे मला माहीत नव्हतं."

"पण माही गोष्ट तूच सांगतली त्याहिले?"

"हो."

"काहून?"

आवडली म्हणून, असं कसं म्हणणार? बस आली. जमनी चढताना माझ्याकडं न पाहता म्हणाली, "मॅडम, लोकायनं टाळ्या काहून वाजवल्या, हे दादी विचारून राह्यली. काय सांगू तिले?"

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला, देवीलाल लालीबाईला शाल पांघरवतानाचा. मथळा "लोकपरंपरेचा गौरव". कॉलेजनं सेमिनारचा सगळा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. चिंचोळकर सरांनी मला अहवाल लिहायला सांगितला. मी लिहिला. लालीबाई काय बोलली ते तसंच्या तसं लिहिलं, आणि खाली लिहिलं की हे कथन नव्हतं, तक्रार होती, आणि आम्ही सर्वांनी तिच्यावर टाळ्या वाजवल्या. सरांनी वाचून कागद माझ्याकडं सरकवला.

"हे काढा."

"नाही काढत."

"जून जवळ आलाय, मॅडम."

"माहीत आहे सर."

अहवाल त्यांनी दुसऱ्याकडून लिहून घेतला.

मार्चमध्ये एका दुपारी जमनी दिग्रसला माझ्या घरी आली. माझी माफी वगैरे काही तिला नको होती. तिनं मोबाइल पुढं केला. व्हिडिओ उतरवून घेतला होता. "दादी तयार आहे," ती म्हणाली. "तक्रार द्यायची. म्हणते, एकदा भोंग्यात बोलून झालं, आता कायची लाज? याच्यात ती नाव घेते आणि तो समोरच बसला आहे, नाही म्हणत नाही. तुम्ही येता का?"

आम्ही तिघी ठाण्यात गेलो. ठाणेदार तरुण होता, उर्मट नव्हता. त्यानं लालीबाईला खुर्ची दिली, पाणी दिलं, व्हिडिओ सगळा पाहिला. मग मागं घेऊन पुन्हा पाहिला.

"नऊ वर्षांनी आलात, तेही समजू शकतो," तो म्हणाला. "पण हे तर कार्यक्रमात बोललेत. तुमचे सर स्वतः म्हणतात, नाट्य आहे. लोक टाळ्या वाजवताहेत. समोरचा वकील हाच व्हिडिओ कोर्टात लावेल. म्हणेल, नाटकातला संवाद आहे." त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. "ह्या तुम्हीच ना, मॅडम? माइकपाशी?"

मी पाहिलं. निळ्या साडीतली एक बाई, चेहऱ्यावर सूत्रसंचालनाचं हसू, छातीपाशी हात जुळवून टाळ्या वाजवत होती. इतकं ओंगळ काही मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. कोळशाचे चट्टे नाही, खर्र्याची तार नाही. ते हसू.

"हो, मीच," मी म्हणाले. "लिहून घ्या. ही बाई बोलली ते खरं होतं आणि ते खरं आहे हे मला तेव्हाच माहीत होतं, कारण तिच्या नातीनं ते दोन महिने आधी लिहून दिलं होतं. ती पानं माझ्याकडं आहेत. टाळ्या वाजवल्या कारण मला माझी नोकरी टिकवायची होती. असंच लिहा."

ठाणेदार म्हणाला, "असं लिहून दिलं तर तुमचीच बदनामी होईल."

"होऊ द्या."

जमनी भिंतीकडं पाहत होती. लालीबाईनं पोलक्याची बाही खांद्यापर्यंत वर केली आणि दंड टेबलावर ठेवला. सात जाड, पांढुरक्या वळ्या. ठाणेदारानं पेन उचललं. जबाब संपायला साडेतीन तास लागले.

गुन्हा नोंदवला गेला. चौघांपैकी एक जण मेला आहे. तिघांना अटक झाली आणि आठवड्यात जामीन मिळाला. जामिनावर सुटल्यावर देवीलालच्या वाढदिवसाचं होर्डिंग चौकात लागलं. चिंचोळकर सरांचा निबंध फोटोसकट एका ऑनलाइन जर्नलमध्ये छापून आला. मी संपादकांना पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही, दुसरं पाठवलं तेव्हा त्यांनी फोटो तेवढा काढला. जूनमध्ये माझं नाव यादीत नव्हतं. आता मी नेरला एका शिकवणी वर्गात बारावीचं इंग्रजी शिकवते. जमनी अमरावतीला एम.ए. करते आहे. निवडीच्या पेपरात तिनं कॅरिबियन कथाच घेतल्या. हे मला दुसऱ्याकडून कळलं.

लालीबाईला आता कोणी वेचणीला बोलावत नाही. कोर्टाची तारीख असली की ती आदल्या दिवशी आमच्या घरी मुक्कामाला येते, कारण सकाळची बस तिला मिळत नाही. माझ्या आईशी तिचं चांगलं जमतं. दोघी ओट्यावर बसून गुडघेदुखीचं, सुनांचं, तुरीवरच्या अळीचं बोलत राहतात. माझ्याशी ती बोलत नाही. मी चहा दिला तर घेते, कप धुऊन ठेवते.

मागच्या तारखेला मी त्या दोघींना जेवायला वाढत होते. कोर्टात काय विचारतील, वकील काय म्हणाले, उद्या कुठं उभं राहायचं, हे मी समजावून सांगत होते. लालीबाईनं भाकरीचा घास थांबवला आणि आईकडं वळून म्हणाली, "कांताबाई, तुही पोरगी लय बोलते."

आई हसली. मी भाजी वाढली.